जुनी पॅकिंग पुन्हा बसवावी का?

रविवारची सकाळ. जबलपूरच्या एखाद्या मराठी घराचे अंगण डोळ्यांपुढे आणा. पोत्यावर नट-बोल्ट ओळीने मांडलेले, ताटलीत रॉकेल, शेजारी पान्यांची पिशवी आणि मधोमध सिलिंडर उतरवलेली जुनी येझदी. मुलगा हलक्या हाताने सिलिंडरखालची कागदी पॅकिंग सोडवतो. ती अख्खी निघते, तसा त्याचा चेहरा खुलतो.

"बाबा, कुठेही फाटली नाही. हीच बसवू या ना? उद्या मला कामावर जायचं आहे."

बाबा पॅकिंग उजेडात धरतात, बोटांनी चाचपतात. "अख्खी आहे रे, पण दबलेली आहे."

असा संवाद या शहरात नवा नाही. इथे तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा. १९६९ मध्ये वाहन कारखाना उभा राहिला आणि लष्करासाठीचे शक्तिमान ट्रक आणि जोंगा गाड्या त्याच्या फाटकातून बाहेर पडू लागल्या. हाती पाना घेऊन नोकरी केलेली माणसे गल्लोगल्ली आढळतात आणि घरची गाडी घरीच उघडण्याची सवयही तिथूनच आलेली. पण नोकरीत सुटे भाग भांडारातून मिळत. घरी मात्र खिसा पाहावा लागतो, शिवाय जुन्या गाडीचा भाग बाजारात मिळेलच असे नाही. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. त्याच वर्षी यामाहा आरएक्स १०० चे उत्पादनही थांबले. म्हणूनच मुलाचा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र पॅकिंग कोणत्या जागेची आहे, यावर अवलंबून आहे.

पॅकिंग करते काय?

पुस्तकात जिला गॅस्केट म्हणतात, तिलाच मिस्त्री पॅकिंग म्हणतात. धातूचे दोन भाग कितीही गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यावर बारीक ओरखडे आणि खळगे असतातच. बोल्ट आवळले की पॅकिंग दबते आणि ते खळगे भरून काढते. तेल, वायू, हवा यांना मग वाट राहत नाही. पण दबणे हे तिचे काम बहुधा एकदाच होते. उकललेली पॅकिंग नेमकी त्याच जागी, त्याच खळग्यांवर पुन्हा बसत नाही. शिवाय इंजिनाच्या उष्णतेने ती कडक झालेली असते. दिसायला साबूत, पण अंगात लवचीकपणा नाही, अशी तिची अवस्था होते.

कुठे काटकसर नको

पहिली जागा सिलिंडर हेडची. तिथे पेटलेल्या वायूचे तापमान क्षणभर दोन हजार अंशांवर जाते आणि दाबही प्रचंड असतो. पत्रा आणि तंतू यांच्या थरांची हेड पॅकिंग एकदा उघडली की टाकून द्यावी. ती गळू लागली तर इंजिनातून फुसफुस आवाज येतो, गाडीची ओढ कमी होते आणि तप्त वायू हेडच्या धातूलाच चर पाडतो. मग पॅकिंगचे वाचवलेले पैसे लेथवाल्याला द्यावे लागतात.

दुसरी जागा टू-स्ट्रोक गाडीच्या सिलिंडरखालची, म्हणजे येझदी, राजदूत किंवा आरएक्स १०० ची. या गाड्यांत पेट्रोल, हवा आणि तेल यांचे मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये येते. तिथली पॅकिंग सैल असेल तर बाहेरची हवा आत ओढली जाते. मिश्रणातले पेट्रोल आणि तेल यांचे प्रमाण घटते, पिस्टन तापून फुगतो आणि चालत्या गाडीत सिलिंडरमध्ये जाम होतो. अशा वेळी मागचे चाक एकाएकी अडकते. मागे पत्नी आणि मूल बसलेले असताना, भेडाघाटच्या रस्त्यावर किंवा सिवनीकडे जाताना असे झाले तर काय, याचा विचार करावा. क्लच हाताशी ठेवावा, हे जुने चालक सांगत ते याचसाठी.

बुलेटसारख्या फोर-स्ट्रोक गाडीत धोका वेगळा. सिलिंडरखालून झिरपलेले तेल वाऱ्याने मागे उडते. ते टायरवर पसरले तर वळणावर गाडी घसरू शकते. इंजिनावर धुळीचा ओला थर दिसू लागला की तो नुसता पुसून काढू नये, त्याचे मूळ शोधावे.

कुठे चालू शकते

सगळेच टाकून द्यावे असे मात्र नाही. भरीव तांब्याची हेड पॅकिंग किंवा वॉशर पुन्हा वापरता येतो. दबून कडक झालेले तांबे मंद लाल होईपर्यंत तापवून थंड केले की पुन्हा मऊ होते. पाण्यात बुडवले तरी चालते, हवेत ठेवले तरी चालते. वरची काळी पापुद्री मात्र घासून काढावी आणि सपाट काचेवर ठेवून पॅकिंग वाकलेली नाही ना, ते पाहावे. हीच युक्ती ॲल्युमिनियमवर करू नये. ते लाल न होताच वितळते.

क्लच कव्हर किंवा टॅपेट कव्हर यांच्यामागे फारसा दाब नसतो. तिथली कागदी पॅकिंग अख्खी निघाली, हाताला मऊ लागली, तेलाने फुगलेली नसली, तर ग्रीसचा पातळ हात देऊन अडचणीपुरती एकदा चालवता येते. नवी बसवतानाच दोन्ही बाजूंना ग्रीस लावले तर पुढच्या वेळी ती फाटत नाही.

रबरी रिंग चपटी किंवा कडक झाली असेल तर ती बदलावीच. कार्ब्युरेटरच्या बाबतीत आता विशेष दक्षता हवी. २०२५ पासून देशभर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या काळचे रबर त्याने फुगते किंवा ठिसूळ होते.

साफ करताना

इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच उघडावे. गरम हेड सोडले तर ते वाकते. उन्हाळ्यात जबलपूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हे काम सकाळी उरकलेले बरे. चिकटलेली पॅकिंग स्क्रूड्रायव्हरने खरवडू नये. एक ओरखडा पडला की नवी पॅकिंगही गळते. रॉकेलने भिजवून लाकडी किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने ती काढावी.

यात जपण्याची एक गोष्ट आहे. पूर्वीच्या कित्येक पॅकिंगमध्ये एस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन कर्करोग होऊ शकतो. अशी पॅकिंग कोरडी घासू नये, तारेचा ब्रश फिरवू नये, फुंकर मारू नये. ओल्या फडक्याने पुसून फडके पिशवीत बांधून टाकावे. मुलांना त्या वेळी जवळ बसू देऊ नये.

सिलिकॉनची ट्यूब फाटक्या पॅकिंगवरचा इलाज नव्हे. जास्त लावलेला लगदा आत ओघळतो, सुटतो आणि तेलाची बारीक वाट बुजवतो. बोल्टही एकेक पक्का न आवळता समोरासमोरचे, थोडेथोडे, दोन-तीन फेऱ्यांत आवळावेत. हेडचे बोल्ट इंजिन एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा तपासावेत.

जुनीचा खरा उपयोग

मग गाडीचा भागच मिळत नसेल तर? लग्नपत्रिकेचा पुठ्ठा कापून बसवणारे बहाद्दरही भेटतात. क्लच कव्हरला तो चार दिवस निभावेल, पण सिलिंडरखाली नको. तिथली जाडी बदलली की सिलिंडर वर-खाली होतो आणि इंजिनाचे मोजमाप बिघडते. स्पेअर पार्टच्या दुकानात तेल आणि उष्णता सोसणारी, एस्बेस्टॉस नसलेली पॅकिंग शीट मिळते. मूळच्या नव्या पॅकिंगइतक्या जाडीचीच ती आणावी.

अंगणातले बाबा हेच करतात. मुलाला दुकानात पाठवून शीट मागवतात. जुनी पॅकिंग तिच्यावर ठेवतात, पेन्सिलीने कडा आखतात, बोल्टची भोके पंचने पाडतात, आतले कोपरे पात्याने कापतात. मग कापलेली पॅकिंग सिलिंडरवर धरून एकही वाट झाकली जात नाही ना, ते पाहतात. तासाभरात नवी पॅकिंग तयार होते.

जुनी ते फेकत नाहीत. पाकिटात घालून वर लिहितात : येझदी, सिलिंडरखालची. पुढच्या वेळी नमुना म्हणून ती उपयोगी पडेल. मुलगा सोमवारी सकाळी त्याच गाडीवर कामाला जातो आणि घरच्यांना त्याची धास्ती वाटत नाही.