यार्डांच्या हिशेबापलीकडचा वॉल्टर पेटन

अमेरिकन फुटबॉलमध्ये रनिंग बॅकच्या वाट्याला येणारे कर्तव्य सांगायला सोपे आणि निभावायला महाकठीण असते: चेंडू छातीशी कवटाळून, अंगावर तुटून पडणाऱ्या धिप्पाड प्रतिपक्ष्यांमधून वाट काढीत, यार्डायार्डाने भूमी जिंकायची. या कामात देहाची जी झीज होते तिच्यामुळे अनेकांची कारकीर्द थोड्याच वर्षांत आटोपते. परंतु मिसिसिपीतील कोलंबिया या लहानशा गावातून आलेला वॉल्टर पेटन १९७५ ते १९८७ अशी तेरा वर्षे शिकागो बेअर्स या संघासाठी धावला, आणि या प्रदीर्घ अवधीत दुखापतीपायी त्याचा एकच सामना हुकला. २० नोव्हेंबर १९७७ रोजी, अंगात फ्लू असताना, मिनेसोटाविरुद्ध त्याने २७५ यार्डांची मजल मारली. सीमारेषेबाहेर पाऊल टाकून आघात चुकवण्याची मुभा असतानाही, शेवटच्या क्षणी खांदा झुकवून तो समोरच्यालाच धडक देई.

१९८६ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात, बेअर्सनी न्यू इंग्लंडचा ४६-१० असा धुव्वा उडवला, परंतु पेटनच्या नावावर गुण मिळवून देणारा एकही टचडाउन लागला नाही, आणि हा त्याच्यावरील अन्याय होय अशी फिर्याद त्याचे चाहते आजतागायत करीत आले आहेत. त्यांची हळहळ रास्त आहे. तथापि प्रतिपक्षाचे सारे लक्ष आपल्यावर खिळवून ठेवून सहकाऱ्यांना वाट मोकळी करून देणे हीदेखील त्या दिवशीची त्याची कामगिरीच होती, आणि जमाखर्चाच्या वहीत तिला रकाना नसला तरी विजयात तिचा वाटा होता, हे विसरता कामा नये.

फेब्रुवारी १९९९ मध्ये, यकृताच्या दुर्धर विकाराने खंगलेल्या या वीराने आपली व्याधी जाहीर केली आणि भीती वाटते काय, या प्रश्नाला वाटते असेच निःसंकोच उत्तर दिले. पुढे पित्तनलिकेच्या कर्करोगामुळे यकृतारोपणाची आशाही मावळली. तरीही ज्याचा लाभ स्वतःला होणे नव्हते त्या अवयवदानाचा पुरस्कार त्याने आपल्या कीर्तीचे सारे वजन खर्ची घालून केला. १ नोव्हेंबर १९९९ रोजी त्याचे निधन झाले.

कारकीर्दीतील त्याच्या १६,७२६ यार्डांचा विक्रम एमिट स्मिथने २००२ साली मोडला, आणि विक्रमांच्या बाबतीत तसे होणे योग्यच आहे. परंतु क्रीडानैपुण्याला समाजसेवेची जोड देणाऱ्या खेळाडूस दरवर्षी जे पारितोषिक मिळते, आणि जे पेटनने स्वतः १९७७ साली मिळवले होते, त्याला एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगने १९९९ पासून त्याचेच नाव दिले. एखाद्या खेळाडूच्या वारशाचे मोल ठरवताना आकड्यांची बेरीज पुरेशी मानणाऱ्यांनी या निर्णयाचा अवश्य विचार करावा. कारण पेटनच्या बाबतीत, माझ्या मते, लीगने केलेला हाच निवाडा सर्वांत न्याय्य आहे.