२५ डिसेंबरचा केक आणि मनूचे स्वयंपाकघर

डिसेंबर लागला की आपल्या ग्रुपवर दरवर्षी तेच भांडण. कुणीतरी ऑफिसातल्या ख्रिसमस पार्टीचा फोटो टाकतो. टेबलावर टुटीफ्रुटीचा केक, वर बर्फासारखी साखर भुरभुरलेली, आजूबाजूला लाल टोप्या. लगेच दुसरीकडून उत्तर येते, 'लाज वाटत नाही का? आज मनुस्मृती दहन दिन आहे आणि तुम्ही केक कापताय?' मग फोटो टाकणारा ग्रुप सोडतो, उत्तर देणाऱ्याला पन्नास जयभीम पडतात, आणि २६ तारखेला सगळे विसरून जातात.

आमचे म्हणणे दोघांनाही आवडणार नाही. २५ डिसेंबरला केक झालाच पाहिजे. पण तो ऑफिसच्या पँट्रीत नको. तो विहाराच्या अंगणात, वस्तीच्या हातांनी केलेला असला पाहिजे, आणि मनुस्मृती जाळून झाल्यावर त्याच कार्यक्रमात वाटला गेला पाहिजे.

'मनुस्मृतीचा आणि केकचा संबंध काय?' असे विचारणाऱ्यांनी ती पोथी नीट वाचलेली नाही. आपण भाषणांत शूद्र आणि स्त्रियांबद्दलचे चारदोन श्लोक घेतो आणि थांबतो. पण मनुस्मृती हे स्वयंपाकघराचेही नियमपुस्तक आहे. चौथ्या अध्यायात कुणाचे अन्न खाऊ नये याची यादीच आहे. वैद्य, शिंपी, लोहार, सोनार, परीट, चामडे कापणारा, सगळे त्यात आहेत. म्हणजे ज्यांच्या हातच्या कामावर समाज चालतो त्यांच्या हातचे अन्न मात्र बाटलेले. दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात खावे असे सांगितले आहे आणि शूद्राला उष्टे अन्न द्यावे अशीही तरतूद आहे. जात टिकते ती बेटीबंदीने, हे खरेच. पण माणसाला जात रोज कळते ती ताटावर. लग्न आयुष्यात एकदा होते, जेवण दिवसातून दोनदा.

महाडचा इतिहासही अन्नावाचून सांगता येत नाही. मार्च १९२७च्या परिषदेत बाबासाहेबांनी मृत जनावराचे मांस आणि उष्टे अन्न सोडा असे सांगितले. २० मार्चला चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सनातन्यांच्या जमावाने हल्ला केला तो मंडपावर, परतीच्या तयारीत जेवत असलेल्या आपल्या माणसांवर. त्यांनी अन्न मातीत कालवले. त्यांना नेमके ठाऊक होते कुठे मारायचे ते! डिसेंबरात पुन्हा परिषद भरली तेव्हा महाडच्या व्यापाऱ्यांनी माल द्यायला नकार दिला आणि धान्य बाहेरून आणावे लागले. मंडपाला जागा दिली ती एका मुस्लिम गृहस्थाने. २५ डिसेंबर १९२७च्या रात्री गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी ठराव मांडला, राजभोजांनी अनुमोदन दिले आणि खास खणलेल्या वेदीत पोथी जाळली गेली.

यातली पोथी आपल्याला पाठ आहे. धान्याची पोती आपण विसरलो.

'आता कोण पाळतो हे सगळे?' असे म्हणणारे आपल्यातही निघालेत, विशेषतः दोन पिढ्या शहरात काढलेले. त्यांनी २०१७चे पुणे आठवावे. हवामान खात्यातल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी स्वयंपाकीण बाईविरुद्ध पोलिसांत तक्रार दिली. कारण काय, तर तिने आपली जात लपवून गौरी-गणपतीचा आणि श्राद्धाचा स्वयंपाक केला, सोवळे मोडले. बाई विज्ञानात, सोवळे स्वयंपाकघरात. आणि ती स्वयंपाकीण दलितसुद्धा नव्हती, मराठा होती. डिसेंबर २०२१मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित भोजनमातेने शिजवलेले जेवण सवर्ण मुलांनी नाकारले आणि आधी कामावरून काढले गेले ते त्या बाईलाच. बोभाटा झाल्यावर तिला परत घेतले. चौथा अध्याय शाळेत शिकवत नाहीत, तरी सातवी-आठवीच्या पोरांना तो तोंडपाठ आहे.

आमच्यातल्याच एका ताईंचे सांगतो. त्या घरून केक करून देतात. एका सोसायटीत त्यांच्या चॉकलेट केकला चांगली मागणी होती. एकदा त्यांनी वाढदिवसाच्या केकचा फोटो टाकला, मागे भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसत होती. कुणी काहीही बोलले नाही. कुणी केक वाईट आहे असेही म्हणाले नाही. फक्त पुढच्या महिन्यापासून 'सध्या डाएट चालू आहे' असे निरोप येऊ लागले. अख्खी सोसायटी एकाच महिन्यात डाएटवर! ताईंनी तसबीर हलवली नाही, गिऱ्हाईक बदलले.

आता आपल्या कडव्या मित्रांचा पहिला आक्षेप घेऊ. 'केक परका आहे, ख्रिश्चनांचा आहे.' मित्रांनो, हे वाक्य तुमच्या आधी कुणी उच्चारले ते पाहा. १८९०मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये टिळक, रानडे यांच्यासह मोठमोठ्या मंडळींपुढे चहा-बिस्किटे ठेवली गेली. नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, प्रायश्चित्ते झाली. मिशनऱ्याच्या घरचा एक कप चहा आणि एक बिस्किट एवढ्यावर अख्खे पुणे हादरले. आपल्या आजोबांच्या घरी कुणी येऊन चहा पिण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून त्यांच्यावर ग्रामण्य नव्हते एवढेच. त्याच लाइनीत आज २५ डिसेंबरला 'तुळशी पूजन दिवस' उभा केला आहे. तो २०१४मध्ये सुरू केला आसारामने, आणि तो बलात्काराच्या गुन्ह्यात जन्मठेप झालेला इसम आहे हे वेगळे सांगायला नको. या दिवसावरून दोन गोष्टी पुसायच्या आहेत, नाताळ आणि महाड. आपला कार्यकर्ता 'केक आपला नाही' म्हणून ओरडतो तेव्हा तो यातले अर्धे काम फुकट करून देतो.

शिवाय परके कोण? नगर, जालना भागात मिशनच्या काळात ख्रिस्ती झालेली माणसे कोण होती? बहुतेक आपलीच, महार-मांगांचीच घरे. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाने त्यांना अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. बौद्धांना त्या यादीत यायला १९९० उजाडावे लागले, ते अजून बाहेरच आहेत. एकाच आजीची नातवंडे, एक विहारात जाते, एक चर्चात. त्यांच्या दारात २५ तारखेला तारा लागतो, आपल्या दारात निळा झेंडा. त्यांच्याकडचा केक परका म्हणायचा म्हणजे आपल्याच चुलतभावाला परका म्हणायचे.

दुसरा आक्षेप वजनदार आहे. हा संघर्षाचा दिवस आहे, चैनीचा नाही. याला उत्तर 'जातिप्रथेचे विध्वंसन' या पुस्तकातच आहे. १९३६च्या एप्रिलात जयपूर संस्थानातल्या चकवारा गावी एका अस्पृश्य माणसाने तीर्थयात्रेहून परतल्यावर जातभाईंना जेवण दिले. पंगतीत तूप वाढले. जेवण चालू असताना शेकडो सवर्ण लाठ्या घेऊन धावून आले, अन्नाची नासाडी केली, जेवणाऱ्यांना बडवले. गुन्हा काय? तूप. यजमानाकडे तूप घ्यायला पैसे होते, त्याने ते आपल्या पैशाने आणले होते. पण तूप हे प्रतिष्ठेचे अन्न, ते अस्पृश्याच्या ताटात शोभत नाही! बाबासाहेबांनी हे उदाहरण उगाच दिलेले नाही. आपल्या गरिबीची दया येणारे पुष्कळ मिळतात. आपल्या ताटातले लोणी मात्र डोळ्यात खुपते. जो कार्यकर्ता वस्तीतल्या पोरांना सांगतो की आपण गंभीर समाज आहोत, गोडधोड आपल्यासाठी नाही, त्याने चकवारा एकदा पुन्हा वाचावे.

तिसरा आक्षेप अभ्यासू मंडळींचा. बाबासाहेबांनी सहभोजनावर भिस्त ठेवली नव्हती. बरोबर. सहभोजने होऊनही जात मेली नाही, खरा उपाय आंतरजातीय विवाह आणि त्याहून आधी शास्त्रांचे पावित्र्य उडवणे, असे त्यांनी स्वच्छ मांडले. सहभोजनाची सोंगे आपणही पाहतोच. २०१८मध्ये उत्तर प्रदेशातला एक मंत्री अलीगढजवळ दलिताच्या घरी जेवायला गेला आणि जेवण बाहेरून मागवले होते असा आरोप झाला. घर दलिताचे, ताट हलवायाचे. असे सहभोजन कुजलेलेच. म्हणूनच आम्ही क्रम सांगतो. आधी पोथी जाळा, मग केक. आणि केक आपल्या हातचा. आपल्याकडे येऊन बसणे सोपे आहे, आपल्या हातचे तोंडात घालणे अवघड आहे, आणि परीक्षा त्याचीच घ्यायची आहे.

आता प्रत्यक्ष केक. इथे आम्हाला राग आहे तो आपल्याच मंडळांवर. वर्गणी काढायची, शहरातल्या मोठ्या बेकरीत ऑर्डर द्यायची, जितकावा वर्धापन दिन तितके किलो, वर नेत्याचा फोटो छापलेला, आणि स्टेजवर अकरा पुरुष एका सुरीवर हात ठेवून उभे. वर्गणी वस्तीची, नफा बेकरीचा, प्रसिद्धी नेत्याची. तोंडावर सुरी फिरते ती कधी नेत्याच्या, कधी थेट बाबासाहेबांच्या. खाण्याच्या वस्तूवर बाबासाहेबांचा चेहरा छापू नका, एवढे तरी कळायला हवे. गेल्या वर्षी कुणीतरी सुचवले होते की पुस्तकाच्या आकाराचा केक करू, वर 'मनुस्मृती' लिहू आणि तो कापू. कल्पना वाईट नाही, पण मनू जाळायचा असतो, पोटात घालायचा नसतो.

त्यापेक्षा चवदार तळे करा. चौकोनी केक, कडेने बिस्किटांच्या पायऱ्या, मधे निळी जेली. पोरांना सांगावे लागत नाही, ती स्वतःच विचारतात हे कसले तळे. एक सूचना: निळा रंग लोण्याच्या क्रीममध्ये घालू नका, लोण्याच्या पिवळेपणामुळे तो हिरवट होतो. पांढरे व्हिप क्रीम घ्या, डिसेंबरच्या थंडीत ते टिकते.

दोनशे माणसांना एकेक तुकडा द्यायचा तर साधारण ३ किलो मैदा, ३ किलो लोणी, ३ किलो साखर आणि ६० अंडी लागतात, बेकिंग पावडर आणि व्हॅनिला वेगळे. एवढा केक घरच्या कुकरमध्ये होत नाही. जवळच्या पाव-बेकरीवाल्याला विचारा. नानकटाईचे पीठ घरून नेऊन भट्टीत भाजून आणायची रीत आपल्या गावांत आहेच, दुपारी भट्टी मोकळी असते, थोड्या पैशात तो ट्रे लावू देतो. बहुतेक ठिकाणी तो मुसलमान असेल. महाडला मंडपाची जागा कुणी दिली ते त्यालाही सांगा आणि संध्याकाळी बोलवा.

अंडी घालायचीच. 'एगलेस' हा शब्द आता सोवळ्याचा नवा शब्द झाला आहे. ज्याला अंडे चालत नाही त्याने खाऊ नये, त्याच्यासाठी एक वेगळा ट्रे ठेवायलाही आमची हरकत नाही. पण सगळा समारंभ त्याच्या पोटाच्या मापाने बेतायचा नाही. महाराष्ट्र सरकारने नोव्हेंबर २०२३मध्ये शाळेतल्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे सुरू केले आणि जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी बंद केला. कुणाच्या मुलांच्या ताटातले अंडे गेले? जी मुले सरकारी शाळेत जातात त्यांच्या. साठ अंड्यांचा केक त्या मुलांसमोर फोडून घालून करा, त्यांना मोजायला लावा.

आणि राबणार कोण? हा दिवस आपण भारतीय स्त्रीमुक्ती दिन म्हणूनही पाळतो. बहुतेक ठिकाणी चित्र असे की पुरुष मनूवर भाषण ठोकतात आणि त्याच वेळी बायका मागे दोनशे माणसांचा चहा गाळत असतात. मनू मागच्या चुलीशी निवांत बसलेला असतो. यंदा लोणी-साखर फेटायला पुरुषांना बसवा. ३ किलो लोणी हाताने फेटताना दंड भरून येतात, तेव्हा भाषणे आपोआप छोटी होतील. ज्या ताईला हे काम येते तिला पुढे ठेवा, तिचे म्हणणे ऐका आणि तिला वर्गणीतून रीतसर मजुरी द्या. 'समाजकार्य आहे' म्हणून फुकट राबवून घेणे हा वेठबिगारीचाच प्रकार आहे, मग वर झेंडा कोणताही असो.

राहिली एक गोष्ट, आणि ती सवर्णांबद्दल नाही. आपल्या वस्तीच्या टोकाला सफाई कामगारांची घरे असतात, वाल्मीकी, मेहतर. पलीकडे मातंगांची गल्ली. बुद्धवंदना झाल्यावर आपण त्यांना पंगतीला बोलावतो, ते येतात, जेवून जातात, आपण फोटो काढतो. त्यांच्या घरचे आपण शेवटचे कधी खाल्ले? बाबासाहेबांनी ज्याला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिची एक पायरी आपल्या पायाखालीही आहे, आणि मनूला तेवढीच पुरते. म्हणून यंदा त्या घरांना खायला बोलावू नका, करायला बोलावा. २४ तारखेला मैदा चाळायला, अंडी फोडायला, भट्टीवर ट्रे न्यायला. एखादा ट्रे पूर्ण त्यांच्याच घरून भाजून येऊ द्या आणि तो टेबलावर मधोमध ठेवा. कापायच्या वेळी आपल्यातल्या कुणाचा हात त्या ट्रेकडे जात नाही, ते तेवढे लक्ष देऊन बघा.