हातचे काम : अॅल्युमिनियमची जुनी बोट

अमेरिकेतील मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही सरोवरांची राज्ये होत. तेथे घरामागील गवतात उपडी घातलेली, रंग उडालेली अॅल्युमिनियमची होडी दिसणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. आजोबांनी तीत बसून गळ टाकलेला असतो, वडिलांनी ती मागे लोटलेली असते, आणि मग नातवाला एखाद्या हिवाळ्यात तिची आठवण होते. तलाव गोठलेले असतात तोवर घराच्या गॅरेजमध्ये तिची डागडुजी करावयाची, तीत आपल्या सोयीची बाके, फळ्या व कप्पे बसवावयाचे आणि वसंत ऋतूत तिला पुन्हा पाण्यात सोडावयाचे, हा तिकडे हजारो कुटुंबांचा आवडता उद्योग आहे. उद्योग चांगला आहे; बापलेकांनी मिळून करण्याजोगा आहे. परंतु ह्या धातूचा स्वभाव जाणून न घेता हात घातला, तर पन्नास वर्षांच्या उपयोगाने जे बिघडले नाही ते दोन वर्षांच्या दुरुस्तीने बिघडते. ह्या लेखात त्या स्वभावाचीच ओळख करून द्यावयाची आहे.

आपल्याकडे घरोघर ज्या भांड्यांना ‘जर्मनची भांडी’ म्हणत आले, त्याच धातूचे हे भाऊबंद. होड्यांमध्ये त्याचा प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी झाला. ग्रमन ही अमेरिकन नौदलासाठी लढाऊ विमाने बांधणारी कंपनी. तिचे एक उपाध्यक्ष विल्यम हॉफमन १९४४ साली अॅडिरॉन्डॅक पर्वतात नौकाविहारास गेले असता, कापड मढविलेली लाकडी होडी खांद्यावरून वाहून थकले आणि हीच होडी विमानाच्या पत्र्याची का करू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. १९४५ साली कंपनीच्या अॅल्युमिनियमच्या होड्या तयार झाल्यासुद्धा. पत्रा ताणून वाकविण्याची आणि रिव्हेट ठोकून जोडण्याची विद्या विमानांच्या कारखान्यांत अगोदरच परिपूर्ण झालेली होती. १९४८ साली मिनेसोटातील न्यू यॉर्क मिल्स ह्या लहानशा गावी हॉवर्ड लुंड ह्यांनी स्वतःसाठी अशीच एक होडी बांधली आणि त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. सपाट बुडाच्या प्रकाराला तिकडे ‘जॉन बोट’ म्हणतात. हा जॉन कोण, ह्याची चौकशी भाषांतरकारानेही करू नये. नाव मात्र सर्वांच्या तोंडी आहे.

अॅल्युमिनियम लोखंडासारखे तांबडे गंजत नाही. हवेचा स्पर्श होताच त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ, घट्ट थर चढतो आणि तोच त्याचे कवच ठरतो. ओरखडा पडला तर कवच आपोआप पुन्हा धरते. त्यातही होडीसाठी वापरतात ती मिश्रधातू थोड्या मॅग्नेशियमची असते आणि पाण्यात चांगली टिकते. म्हणून जुन्या होडीची परीक्षा करताना पत्र्याविषयी फारशी धास्ती बाळगण्याचे कारण नसते. गळते ते सांध्यांतून, आणि विशेषेकरून रिव्हेटांतून.

गळती शोधण्याची रीत मोठी गमतीची आहे. होडी पाण्यात सोडावयाची नाही. पाणी होडीत सोडावयाचे. ती ट्रेलरवर किंवा ओंडक्यांवर ठेवून आत तीन इंच पाणी भरावे आणि खाली बसून जेथे थेंब दिसेल तेथे खडूने खूण करावी. अधिक पाणी मात्र भरू नये. बारा फूट लांब व तीन फूट रुंद अशा तळावर तीन इंच पाणी म्हणजे नऊ घनफूट, अर्थात अडीचशे किलोंहून अधिक वजन होते, आणि बाहेरून पाण्याचा आधार नसताना हा भार चार-दोन ठिकाणीच टेकतो.

सैल झालेला रिव्हेट पुन्हा घट्ट करण्यास दोन माणसे लागतात. एकाने बाहेरून डोक्यावर हातोडी मारावी, दुसऱ्याने आतून शेपटावर जड पोलादी ठोकळा दाबून धरावा. युद्धकाळात विमानांच्या कारखान्यांत अशाच जोड्या काम करीत, व त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. जोरापेक्षा ताल महत्त्वाचा. फार ठोकले तर पत्रा फाटतो. झिजून गेलेला रिव्हेट काढून नवा भरीव रिव्हेट घालावा. बाजारात एका बाजूने बसणारे पोकळ रिव्हेट सहज मिळतात, पण त्यांच्या मधोमध भोक असते. पाण्याखाली वापरावयाचे तर बंद तोंडाचेच घ्यावे. त्यानंतर सांध्यांवर आतून इपॉक्सीचा हात द्यावा. नुसते लुकण फासून रिव्हेट तसेच सैल ठेवणे ही फसवणूक आहे; पहिल्या लाटेबरोबर ते हलतात आणि लुकण सुटते.

आता खऱ्या वैऱ्याकडे वळू. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांस टेकले की त्यांची एक लहानशी विजेची बॅटरी बनते, आणि त्या व्यवहारात जो धातू दुबळा असेल तो झिजतो. तांबे, पितळ, शिसे ह्यांच्यासमोर अॅल्युमिनियम नेहमीच दुबळे ठरते. आपल्याकडे ज्या जुन्या घरांत अॅल्युमिनियमच्या विजेच्या तारा होत्या, तेथे त्यांना तांब्याची तार नुसती पिळून जोडली की सांधा कालांतराने काळवंडून तापतो, हे वीजतंत्र्यांना ठाऊक आहे. त्यात ह्या झिजेचा वाटा मोठा असतो. होडीत तेच पाण्याच्या मदतीने होते. तळाशी साचलेल्या पाण्यात पडून राहिलेले तांब्याचे नाणे किंवा गळाला लावण्याचे शिशाचे वजन कालांतराने आपल्या आकाराचा खड्डा पत्र्यात पाडू शकते. पितळी स्क्रू वापरू नयेत. स्टेनलेस पोलादाचे चालतात, पण त्यांच्याभोवती लुकण भरून किंवा नायलॉनचे वॉशर घालून ते पत्र्यापासून अलग राखावे.

ह्याहून मोठा घात लाकडातून होतो, आणि तो दिसत नाही. होडीच्या पिछाडीच्या आडव्या भिंतीवर इंजिन टांगतात. त्या भिंतीच्या आत लाकूड असते, आणि जुन्या होडीत ते बहुधा कुजलेले निघते. माणूस दुकानात जातो आणि न कुजणारे लाकूड मागतो. दुकानदार त्याला औषध मुरविलेल्या फळ्या देतो. हे औषध बहुधा तांब्याच्या क्षारांचे असते. अमेरिकेत २००३ अखेर घरगुती उपयोगासाठी आर्सेनिकयुक्त जुने मिश्रण मागे घेण्यात आले आणि त्याच्या जागी आलेल्या मिश्रणांपैकी प्रमुखांत तांब्याचे प्रमाण आणखी वाढले. म्हणजे जे लाकूड स्वतः वीस वर्षे कुजणार नाही, ते आपल्याला टेकलेला पत्रा मात्र काही वर्षांत खाऊन टाकते. वरून पाहता सर्व शाबूत, आणि फळी काढली की मागे पांढरी भुकटी व चाळणी! येथे साधे, जलरोधक डिंकाचे सागरी प्लायवूडच योग्य. पाऊण इंची दोन थर चिकटवून दीड इंचाची जाडी करावी, सर्व कडा व स्क्रूची प्रत्येक भोके इपॉक्सीने मुरवावी आणि मगच बसवावे.

हीच गोष्ट गालिच्याची. तळावर गालिचा चिकटविल्याने पायाला बरे वाटते, डोळ्यांनाही. परंतु त्याखाली ओल कोंडते, हवा पोहोचत नाही, आणि ज्या ऑक्साइडच्या थराचे वर वर्णन केले तो पुन्हा धरू शकत नाही. पत्र्याला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडू लागतात. आमच्या मते गालिचा घालूच नये. घालावयाचाच असेल तर तो उचलून वाळविता येईल अशा सुट्या फळ्यांवर घालावा.

आता ह्या उद्योगातील सर्वांत आकर्षक भाग, म्हणजे होडी आपल्या मनासारखी करून घेणे. जुन्या होडीत आडवी बाके असतात. ती ओलांडताना ठेच लागते. म्हणून पुष्कळ जण बाके कापून काढतात आणि नाळेपासून मध्यापर्यंत सपाट फळीचा मंच बांधतात, म्हणजे उभे राहून गळ टाकता येतो. चित्रात हे फार सुरेख दिसते. येथेच हात आवरावा.

बाक हे नुसते बसावयाचे साधन नव्हे. ते होडीच्या दोन्ही बाजूंना तोलून धरणारी तुळई आहे. ते काढले की बाजू लाटेबरोबर आतबाहेर होऊ लागतात आणि रिव्हेट पुन्हा सैल होतात. दुसरे असे की, पुष्कळ होड्यांत बाकाच्या पोटात फोम भरलेला असतो. आपल्या किनाऱ्यावरील हलक्या लाकडाची होडी पाण्याने भरली तरी लाकूड तरंगते आणि कोळी तिला धरून राहू शकतो. अॅल्युमिनियमची होडी भरली की तळाशी जाते. तिला धरून ठेवणारा एकटा तो फोम असतो.

हिशेब अवघड नाही. पाण्याहून २.७ पट जड असलेल्या ह्या धातूची १०० किलोंची होडी बुडाली असता तिचा भार सुमारे ६३ किलो उरतो. इंजिन, बॅटरी व सामानाचे आणखी साठ किलो धरा. एक घनफूट फोम स्वतःचे वजन वजा जाता सुमारे २७ किलो तोलतो. म्हणजे केवळ होडी वर राखण्यास जवळजवळ पाच घनफूट फोम हवा. तीस धरून राहणाऱ्या माणसांसाठी त्याहून अधिक. बाके काढावयाचीच असतील तर त्यांची मजबुती आडव्या पट्ट्यांनी आणि त्यांतील फोम मंचाखाली, दोन्ही बाजूंना विभागून, परत दिलाच पाहिजे. जुना फोमही तपासावा. नव्या फोमचा एक घनफूट किलोभरही भरत नाही. जुना हाताला जड लागला तर त्यात पाणी मुरलेले आहे आणि तो टाकून द्यावा. थर्मोकोलच्या जातीचा फोम पेट्रोलने विरघळतो, हेही ध्यानात असावे.

मंचाच्या उंचीचाही असाच विचार व्हावा. पाऊण इंची प्लायवूडचा चार फूट बाय आठ फूट एक ताव तीस किलोंच्या आसपास भरतो. त्यावर उभा राहणारा माणूस जितका उंच, तितकी होडी कलंडण्यास सोपी. अमेरिकेत १९७१ साली नौका-सुरक्षेचा केंद्रीय कायदा झाला. १९७२ च्या अखेरीपासून बांधलेल्या वीस फुटांहून लहान यांत्रिक होड्यांवर किती माणसे, किती वजन व किती शक्तीचे इंजिन चालेल हे सांगणारी पट्टी असते. नव्या मंचाचे वजन ह्या आकड्यातूनच वजा करावयाचे. त्याहून जुन्या होडीसाठी सोपे गणित असे की, लांबी व रुंदी फुटांत गुणून १५ ने भागावे. चौदा फूट लांब व पाच फूट रुंद होडीस चार माणसे, तीही शांत पाण्यात.

रंगाविषयी थोडक्यात. लोखंडी तारांचा ब्रश वापरू नये; त्याचे कण पत्र्यात रुततात आणि डाग पडतात. जुन्या रंगात शिसे किंवा क्रोमेट असू शकते, म्हणून तो कोरडा घासताना तोंडावर योग्य मुखवटा असावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे. धातूला धरणारा खास प्रायमर, मग रंग. शेवाळ धरू नये म्हणून तळाला लावतात ते तांबेयुक्त रंग येथे वर्ज्य, कारण आता वाचकांना सांगावयास नको.

होडी प्रथम पाण्यात सोडताना तळाच्या फळ्या स्क्रूने पक्क्या करू नयेत, नुसत्या ठेवाव्या. किनाऱ्यालगत कमरेइतक्या पाण्यात, जीवरक्षक जाकिटे घालून, सर्वांनी एका बाजूस बसून ती कितपत कलते ते पाहावे. मग अर्धा तास तशीच ठेवून फळ्या उचलाव्या आणि प्रत्येक सांध्यावरून कोरडे बोट फिरवावे. आणि हो, पिछाडीच्या तळाशी पाणी काढून टाकण्याचे एक भोक असते. हिवाळाभर काम करताना त्याचे बूच काढून ठेवलेले असते. ते होडीच्या दोरीलाच बांधून ठेवावे, म्हणजे काठावर शोधावे लागत नाही.