विश्लेषण : नाताळपटांचे ‘सीक्वेल’ समीक्षकांना नकोसे, तरी ते येतातच का?

डिसेंबर जवळ आला की हॉलिवूडमध्ये कौटुंबिक नाताळपटांचा हंगाम सुरू होतो आणि त्यात एखादा तरी जुन्या चित्रपटाचा पुढचा भाग असतोच. समीक्षक त्याला झोडपतात, समाजमाध्यमांवर ‘मूळ चित्रपटाची सर नाही’ असा सूर लागतो, आणि दोन-तीन वर्षांनी आणखी एक भाग येतो. प्रेक्षकांना हे चित्रपट नको असतील तर ते काढले कोणासाठी जातात? आणि त्यातले काही मोजके टिकतात ते कशामुळे?

‘होम अलोन’चे काय झाले?

या प्रकाराचा सर्वात मोठा नमुना ‘होम अलोन’ हाच. जॉन ह्यूज यांनी लिहिलेला आणि ख्रिस कोलंबस यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट नोव्हेंबर १९९० मध्ये आला. खर्च सुमारे १ कोटी ८० लाख डॉलर, जगभरची कमाई सुमारे ४७ कोटी ६० लाख डॉलर. अमेरिकेत तो सलग १२ आठवडे पहिल्या क्रमांकावर होता. इतक्या यशानंतर दुसरा भाग येणारच होता. तो १९९२ मध्ये आला आणि गोष्ट जवळजवळ तीच होती. पहिल्या भागात कुटुंब पॅरिसला जाताना केव्हिनला घरी विसरते, दुसऱ्यात विमानतळावरच्या गोंधळात तो एकटा न्यू यॉर्कला पोहोचतो. चोर तेच दोघे. पहिल्यात ज्याला सगळी मुले घाबरतात असा शेजारचा म्हातारा आहे, दुसऱ्यात त्याच्या जागी कबुतरांना दाणे घालणारी बाई. नक्कल केल्याची टीका झाली, तरी चित्रपटाने सुमारे ३५ कोटी ९० लाख डॉलर मिळवले.

तिसऱ्या भागात (१९९७) मात्र निर्मात्यांनी खरोखर काही तरी नवे केले. मुलगा नवा, कुटुंब नवे, चोरही चार आंतरराष्ट्रीय गुन्हेगार. मुलाला कोणी विसरून गेलेले नाही, कांजिण्या झाल्या म्हणून तो शाळा बुडवून घरी आहे. लेखक ह्यूजच होते आणि दिग्दर्शक झाले पहिल्या दोन भागांचे संकलक राजा गॉसनेल. अमेरिकेतील ख्यातनाम समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी याला तीन तारे दिले, पहिल्या ‘होम अलोन’ला दिले होते त्याहून अर्धा तारा जास्त! पण कमाई सुमारे ७ कोटी ९० लाखांवर आली. ईबर्ट अगदीच चुकले होते असे वाटत नाही. चित्रपट वाईट नव्हता, त्यात केव्हिन नव्हता.

यानंतरचे दोन भाग, २००२ आणि २०१२ चे, थेट टीव्हीसाठी निघाले आणि विस्मरणात गेले.

मग प्रेक्षकाला तेच ते हवे असते का?

बऱ्याच अंशी हो. नाताळपट एकदा पाहून सोडून देण्यासाठी नसतो, तो दरवर्षी पाहिला जातो. आपल्याकडे ‘अशी ही बनवाबनवी’ टीव्हीवर लागला की घरातले लोक पडद्याच्या आधी संवाद म्हणतात, तसेच हे. पोलंडमध्ये ‘होम अलोन’ दर नाताळात दाखवणाऱ्या वाहिनीने २०१० मध्ये तो वगळायचे ठरवले, तेव्हा हजारो प्रेक्षकांनी निषेध केला आणि चित्रपट पुन्हा कार्यक्रमपत्रिकेत आला. ‘अ ख्रिसमस स्टोरी’ हा १९८३ चा चित्रपट तर चित्रपटगृहांत बेताचाच चालला होता. टीव्हीवर वारंवार दाखवल्यामुळे तो रुजला आणि १९९७ पासून अमेरिकेतील एका वाहिनीने नाताळात तो सलग २४ तास दाखवायला सुरुवात केली.

म्हणजे पुढच्या भागाची तुलना एका चित्रपटाशी होत नाही. आजी, आई आणि नातू यांनी मिळून पंधरा-वीस नाताळांत पाहिलेल्या चित्रपटाशी होते. त्या स्पर्धेत नव्या चित्रपटाने जिंकणे अवघडच.

‘अ ख्रिसमस स्टोरी’च्याच पुढच्या भागांत हे नीट दिसते. २०१२ मध्ये सगळे कलाकार बदलून काढलेला दुसरा भाग थेट डीव्हीडीवर आला आणि त्याची हेटाळणी झाली. २०२२ मध्ये मात्र मूळ बालकलाकार पीटर बिलिंग्स्ली स्वतःच बाप होऊन परतला आणि त्या चित्रपटाचे स्वागत बरेच प्रेमाने झाले. मूळ प्रेक्षकही एव्हाना आई-बाप झाले होते.

याउलट २०२१ चा ‘होम स्वीट होम अलोन’. यात घरात शिरणारे दाम्पत्य चोर नाहीच. स्वतःचे घर विकावे लागू नये म्हणून ते एक मौल्यवान बाहुली परत मिळवायला धडपडते. साहजिकच सहानुभूती त्यांच्याकडे जाते आणि मुलाने लावलेल्या सापळ्यांत ते आपटतात तेव्हा हसू येत नाही. समीक्षक आणि प्रेक्षक यांचे एकमत होण्याचा हा दुर्मीळ प्रसंग.

समीक्षक आणि प्रेक्षकांचे आकडे इतके वेगळे का?

२०१७ चा ‘डॅडीज होम २’ पाहा. ‘रॉटन टोमॅटोज’वर पाचातल्या जेमतेम एका समीक्षकाने त्याला पसंती दिली. (तिथली २० टक्के म्हणजे दहापैकी दोन गुण नव्हेत, अनुकूल परीक्षणांचे प्रमाण. हा घोळ सर्रास होतो.) चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून श्रेणी देणाऱ्या ‘सिनेमास्कोर’मध्ये मात्र त्याला ‘ए-उणे’ मिळाले. ही पाहणी तिकीट काढून आलेल्यांचीच असते, म्हणजे ज्यांना असा चित्रपट हवाच होता त्यांची. सुट्टीत लहान मुले आणि सासू-सासरे यांना एकत्र घेऊन जाता येईल असे दुसरे काय लागले आहे, हाही प्रश्न असतोच. या भागात दोन्ही वडिलांचे वडील पाहुणे म्हणून येतात, तेही याच हिशेबाने. चित्रपटाने सुमारे १८ कोटी डॉलर मिळवले. पहिल्या भागाचे सुमारे २४ कोटी होते. कमाई घटली, पण ७ कोटींच्या आसपास खर्च केलेल्या स्टुडिओला तक्रारीचे फार कारण नव्हते.

अर्थात ओळखीचे चेहरेही कायम तारत नाहीत. टिम ॲलन यांच्या ‘द सांता क्लॉज’ मालिकेची कमाई तीन भागांत (१९९४, २००२, २००६) साधारण १९ कोटी, १७ कोटी आणि ११ कोटी डॉलर अशी उतरत गेली.

विल फेरेल यांनी हे ओळखले असावे. ‘एल्फ’च्या (२००३) दुसऱ्या भागासाठी देऊ केलेले २ कोटी ९० लाख डॉलर त्यांनी नाकारले. पुढे त्यांनी सांगितले, की प्रसिद्धी करताना खरे बोलायचे तर ‘चित्रपट चांगला नाही, पैसे सोडवले नाहीत’ असेच म्हणावे लागले असते.

आता काय बदलले?

तिकीटखिडकी. ‘होम स्वीट होम अलोन’ डिस्ने प्लसवर आला, ‘अ ख्रिसमस स्टोरी’चा २०२२ चा भाग एचबीओ मॅक्सवर, सांता क्लॉजची पुढची गोष्ट डिस्ने प्लसवरच मालिका होऊन. तिथे वेगळे तिकीट नाही, त्यामुळे नाराज प्रेक्षकाला पाठ फिरवून निषेध नोंदवण्याची सोय उरत नाही. कुतूहलाने दहा मिनिटे पाहून बंद केले तरी वर्गणी जातेच. नेटफ्लिक्स तर २०२० पासून काही काळ दोन मिनिटे पाहणाऱ्यालाही प्रेक्षक धरत होते. शिवाय नव्या भागाचा गाजावाजा झाला, की लोक त्याच ॲपवरचा १९९० चा ‘होम अलोन’ही लावतात. डिस्नेने २०१९ मध्ये फॉक्स विकत घेतल्यापासून तोही त्यांचाच आहे.