आधी ऊब, मग दूध

भाद्रपदात कुत्र्यांना काय होतं, हे मराठी माणसाला पंचांग न बघता ठाऊक असतं. पुढचा हिशेब मात्र फारसा कुणी करत नाही. कुत्रीचा गर्भकाळ साधारण ६३ दिवसांचा. म्हणजे ही पिल्लं जन्मतात कार्तिक-मार्गशीर्षात, नेमक्या रात्री गारठू लागतात तेव्हा. मग जिन्याखालून कुईकुई ऐकू येते आणि कुणीतरी कनवाळू माणूस गाईच्या दुधाची वाटी घेऊन धावत खाली उतरतो.

ती वाटीच अनेकदा पिल्लाच्या जिवावर उठते.

मुळात एकटं दिसणारं प्रत्येक पिल्लू पोरकं नसतं. आई पोटामागे उकिरडे हुंगत गेलेली असते. पिल्लं ऊबदार असतील, एकमेकांना चिकटून शांत झोपली असतील, तर लांबून तिची वाट बघावी. पिल्लू गार पडलं असेल, सतत रडत असेल, तर मात्र उचलायलाच हवं. पण तेव्हाही दूध नाही, आधी ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाला धड कुडकुडताही येत नाही. अंगातली ऊब त्याला स्वतःची स्वतः राखता येत नाही. गारठलेल्या पिल्लाचं आतडं मंदावलेलं असतं, पोटात गेलेलं दूध पचत नाही. पुठ्ठ्याचा खोका, जुनी गोधडी आणि फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एवढं पुरतं. बाटली एकाच कोपऱ्यात ठेवावी, म्हणजे जास्त झालं तर पिल्लू सरपटत बाजूला जाईल.

दूधही गाईचं नको. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं गाईच्या दुधाच्या सुमारे दुप्पट, लॅक्टोज मात्र कमी. त्यामुळे गाईच्या दुधावर पिल्लू उपाशीही राहतं आणि हगवणीने खंगतंही. पिल्लांसाठीची दूध पावडर औषधाच्या दुकानात किंवा पशुवैद्याकडे मिळते. ते दूध कोमट करून दर दोन-तीन तासांनी द्यायचं, रात्रीसुद्धा. आणि बाळासारखं उताणं धरून नाही, तर पोटावर, मान किंचित वर. उताण्या पिल्लाच्या फुप्फुसात दूध गेलं की न्यूमोनिया ठरलेला. मग ओल्या कोमट कापसाने ढुंगण हळूच पुसायचं, कारण आई चाटते तेव्हाच पिल्लाला शी-शू होते. जवळपास तीन आठवडे हे काम माणसाला करावं लागतं. हौसेने पिल्लू घरी आणणाऱ्यांना याची कल्पना बहुधा नसते.

रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करावं. आठ-दहा दिवसांत ते जन्माच्या दुप्पट व्हायला हवं. घटत असेल तर डॉक्टर गाठावा, घरगुती उपाय नकोत.

इतकं करूनही आईचा चीक काही देता येत नाही. रोगांशी लढण्याची पहिली शिदोरी त्यातूनच मिळते, तीही जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरात. म्हणूनच एखादी सोसायटी ‘उपद्रव’ म्हणून बाळंतीण कुत्री गाडीत घालून दूर सोडून येते, तेव्हा तिची पिल्लं पोरकी केलेली असतात. प्राण्याला असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यातही बसत नाही. उपद्रवाला उत्तर नसबंदीचं आहे आणि तिची वेळ श्रावणाच्या आधीची, भाद्रपद उजाडल्यावरची नव्हे. महापालिकांनी उन्हाळ्यातच गल्लोगल्ली गाड्या फिरवल्या, तर मार्गशीर्षात तितकी खोकी लागणार नाहीत.