शैलजा टीचरांची बदली

केरळात शिक्षिकेला ‘टीचर’ म्हणतात, आणि शाळा सुटली तरी हे संबोधन सुटत नाही. के. के. शैलजा कन्नूर जिल्ह्यातील शिवपुरमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवीत. 1996 साली त्या आमदार झाल्या आणि 2004 साली स्वेच्छानिवृत्ती घेऊन मार्क्सवादी पक्षाच्या पूर्णवेळ कार्यकर्त्या बनल्या. 2016 मध्ये आरोग्यमंत्रिपद मिळाले, तरी लोकांच्या तोंडी त्या ‘शैलजा टीचर’च राहिल्या. त्यांच्या कारभाराची सारी रीत या नावात आली.

मे 2018 मध्ये कोझिकोड जिल्ह्यातील पेरांब्रा भागात निपाहची साथ उद्भवली. लस नाही, खात्रीचे औषध नाही. बाई स्वतः तेथे गेल्या. रुग्णाच्या सहवासात आलेल्या प्रत्येकाची यादी झाली आणि हजेरीपटासारखी ती रोज तपासली गेली. 17 बळी गेले. परंतु साथ दोन जिल्ह्यांपलीकडे गेली नाही. जानेवारी 2020 च्या अखेरीस देशातील पहिला कोविड रुग्ण त्रिशूरला आढळला, तेव्हा हीच घडी हाताशी होती. त्याच वर्षी मे महिन्यात महाराष्ट्र शासनाने केरळच्या या खात्याकडे डॉक्टर व परिचारिका मागितल्या होत्या, हे मुंबईकरांनी विसरू नये. सारेच निष्कलंक होते असे आम्ही म्हणत नाही. संरक्षक पोषाख चढ्या दराने घेतल्याचा ठपका महालेखापरीक्षकांनी 2025 मध्ये ठेवला आणि मृत्यूंच्या मोजणीविषयीही आक्षेप होते.

मतदारांनी मात्र आपला निकाल 2021 मध्येच दिला होता. मट्टन्नूरमधून बाई 60,963 मतांनी विजयी झाल्या. मुख्यमंत्री पिनराई विजयन यांचे मताधिक्य 50,123 होते. आणि नव्या मंत्रिमंडळात बाईंना स्थान नव्हते! नव्या रक्ताला वाव द्यावा म्हणून पक्षाचे सारे जुने मंत्री वगळले, असे सांगण्यात आले. तत्त्व चांगले आहे. खुर्चीला चिकटून बसलेल्यांची आमच्याकडेही वाण नाही. परंतु तो नियम मुख्यमंत्र्यांच्या दाराशी येऊन थबकला. एकाला अपवाद करता येतो तर दुसऱ्याला का नाही, याचे समाधानकारक उत्तर आमच्या वाचनात आलेले नाही.

बाईंनी हू की चू केले नाही. 2022 मध्ये मॅगसेसे पुरस्कार चालून आला, तोही पक्षाच्या मतानुसार त्यांनी नाकारला. 2024 मध्ये पक्षाने वडकरा येथून लोकसभेला उभे केले. तेथे त्या 1 लाख 14 हजारांहून अधिक मतांनी पडल्या. शिस्त म्हणून हे वंदनीय असेल. आमची तक्रार निराळी आहे. साथीच्या दिवसांत रोग कसा पसरतो, घरात का थांबायचे, हे ज्या बाईंनी साऱ्या राज्याला पुनःपुन्हा समजावून सांगितले, त्यांनी मट्टन्नूरच्या मतदारांना एवढी एक गोष्ट तेवढी समजावून सांगितली नाही.