आजीच्या पेटीलाही प्रशस्ती हवी



श्रुतपंचमीला आपण मंदिरातली शास्त्रे बाहेर काढतो, धूळ झटकतो, नवी वेष्टने घालतो. मला वाटते, त्याच दिवशी घरातल्या आजीची पेटीही उघडावी, आणि नातवंडांना समोर बसवून उघडावी.

नुसते जपणे पुरत नाही, हे आपल्या कारंज्याला वेगळे सांगायला नको. सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या तिन्ही मंदिरांनी पोथ्या पिढ्यानपिढ्या सांभाळल्या. पण अभ्यासक त्या उघडून वाचायला बसले, तेव्हाच जगाला त्यांची ओळख झाली. पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये डॉ. प. ल. वैद्यांनी आणि ‘णायकुमारचरिउ’ १९३३ मध्ये डॉ. हिरालाल जैन यांनी संपादित करून प्रसिद्ध केले.

माझ्या सासूबाईंच्या पेटीत तळाशी एक छोटी पितळी बादली आहे. तिच्या बुडालाही कडी आहे. पुण्यात वाढलेल्या माझ्या मुलीला वाटले, कडी चुकून उलटी बसवली. मग आजीने सांगितले: विहिरीचे पाणी गाळले की गाळण्यावरची जिवाणी याच बादलीतून परत विहिरीत सोडायची. बादली सरळ पाण्यापर्यंत उतरवायची आणि तिथे पोचल्यावर बुडाच्या कडीने उपडी करायची, म्हणजे जीव उंचावरून आपटत नाहीत. इतकी वर्षे मी या घरात आहे, मला हे त्यांनी कधी सांगितले नव्हते. सुनेने विचारले तर चौकशी वाटते, नातीने विचारले की आजीला बोलावेसे वाटते.

कुणी म्हणेल, जुन्या वस्तूंचा हा मोह म्हणजे परिग्रहच. खरे आहे. म्हणून मी वस्तू साठवा म्हणतच नाही. पूर्वी श्राविका व्रताच्या उद्यापनाला पोथी लिहवून घेत आणि दान करत. पोथीच्या शेवटी प्रशस्तीत कोणी लिहवली, कोणासाठी, कोणत्या साली, हे येई. पोथी घराबाहेर जाई, तिची हकिकत तिच्यासोबत राही.

बघेरवाल आपले मूळ राजस्थानातल्या बघेऱ्याचे सांगतात. तिथून निघताना बायकांनी गाठोड्यात काय बांधले, ते आज कोण सांगणार? आपली मुले पुण्या-मुंबईला, परदेशी गेली. त्यांच्या मुलांसाठी आता कारंजाच ते मागे राहिलेले गाव आहे.

तेव्हा एक वही घ्या. वस्तू कोणती, कोणाची, कोणत्या गावची, कशी वापरत, हे आजीने सांगावे आणि नातवंडाने स्वतःच्या हाताने लिहावे. मग ती वस्तू ठेवायची की कुणाला द्यायची, हे आजीलाच ठरवू द्या.